सळईची नाडीपरीक्षा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अध्यात्म आणि राजकारण हे नेहमीचे विषय. त्यांत आज मी गंजत्या लोखंडाचा विषय घेऊन उभा आहे, याचे कोणाला नवल वाटले तर ते रास्तच आहे. मी कोणत्याही महाविद्यालयाचा पदवीधर नाही. कामगार-संघटनेचे काम करता करता, कारखान्याच्या उपकरण-विभागातील सोबत्यांना विचारीत आणि मिळेल ते पुस्तक वाचीत जेवढे समजले, तेवढेच मी आपल्यापुढे ठेवणार आहे. परंतु हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नाही. आपण ज्या पुलावरून जातो, ज्या स्लॅबखाली निजतो, ज्या टाकीचे पाणी पितो आणि लोट्याच्या वसाहतीत ज्या रसायनांच्या टाक्यांशेजारी आपली मुले पाळी करतात, त्या सर्वांची भिस्त लोखंडाच्या एका अतिशय पातळ पृष्ठभागावर आहे. तो पृष्ठभाग शाबूत आहे की हळूहळू खपत आहे, हे बांधकाम न फोडता विचारण्याची एक विद्या आहे. तिचे नाव ‘विद्युत्-रासायनिक संरोध वर्णपटमापन’. नाव अवजड आहे; पण बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारून त्याचा नाद ऐकतो आणि मगच पैसे मोजतो, त्याच जातीची ही परीक्षा आहे. मडक्याला बोटाने टिचकी मारतात, येथे विजेने मारतात, एवढाच फरक.

या परीक्षेची गरज का पडते, ते एका उदाहरणाने सांगतो. ५ जुलै १९८६ रोजी पणजी येथील मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला. १९७० च्या सुमारास बांधून पुरा झालेला हा पूल सोळा-सतरा वर्षांचा होता. माणसाच्या हिशेबाने नुकते मिसरूड फुटण्याचे वय! पूल नव्या पद्धतीचा होता. पोलादी तारांच्या जुड्या ताणून बसवावयाच्या आणि त्यांच्या ताणाने काँक्रीट आवळून धरावयाचे, अशी ती पद्धत. त्या तारांचे गंजणे हे पूल पडण्याचे प्रमुख कारण मानले जाते. त्यानंतर नवा पूल होईपर्यंत लोकांना पुन्हा फेरीबोटींचा आश्रय घ्यावा लागला.

येथे एक खुलासा करतो. आपल्या मुंबई-गोवा महामार्गावर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील पूल वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. ते दुःख आपण विसरलेलो नाही. परंतु तो पूल ब्रिटिश अमदानीतील दगडी कमानींचा होता आणि तो पुराच्या लोंढ्यात गेला. आज मी सांगणार आहे ती परीक्षा तेथे लागू पडली नसती. ज्या बांधकामांत पोलाद पोटात घेऊन काँक्रीट उभे असते, तेवढ्यांपुरताच आजचा विषय आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्याकडे झालेले बहुतेक पूल, पाण्याच्या टाक्या आणि शाळांच्या इमारती याच प्रकारच्या आहेत.

गंज म्हणजे विजेचा व्यवहार

लोखंड पाण्याने गंजते, असे आपण म्हणतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. गंजणे हा मुळात विजेचा व्यवहार आहे. सळईच्या एका जागी लोखंडाचे अणू आपले प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन सळईतूनच दुसऱ्या जागी जातात. तेथे हवेतला प्राणवायू आणि पाणी त्यांची वाट पाहत असतात. ते इलेक्ट्रॉन घेतात आणि व्यवहार पुरा होतो. म्हणजे एकाच सळईवर एक ठिकाण झिजणारे आणि एक ठिकाण घेणारे, अशी लहानशी बॅटरी तयार होते. या बॅटरीतून जेवढी वीज वाहील, तेवढेच लोखंड खपेल. ना कमी, ना जास्त.

विजेचा आणि वस्तुमानाचा हा चोख हिशेब १८३३-३४ साली मायकेल फॅरडे यांनी मांडला. विद्युदग्र, म्हणजे इंग्रजीतला ‘इलेक्ट्रोड’, हा शब्दही त्यांनीच १८३४ साली प्रचारात आणला. फॅरडे लोहाराचे चिरंजीव. पुस्तकबांधणीच्या दुकानात ते उमेदवारी करीत होते आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचून शिकत होते. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने तिकिटे दिली म्हणून त्यांना हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली आणि तेथून त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. सार्वजनिक व्याख्यानांनी काय साधते, असे विचारणारांसाठी हे उदाहरण मी मुद्दाम राखून ठेवलेले आहे.

आता प्रश्न असा येईल, की काँक्रीटमध्ये ओलावा असतो, हवाही थोडीबहुत असते, मग प्रत्येक सळई दोन पावसाळ्यांतच का गंजून जात नाही? त्याचे उत्तर सिमेंटच्या गुणात आहे. ओल्या सिमेंटचे पाणी अत्यंत अल्कधर्मी असते. त्याचा पीएच साडेबारा ते तेराच्या घरात असतो. अशा पाण्यात सळईवर ऑक्साइडाचा एक पापुद्रा धरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या काही पट, इतकीच. डोळ्यांना तो दिसणार नाही. पण जोवर तो अखंड आहे तोवर लोखंड आणि पाणी यांचा व्यवहार जवळजवळ बंद राहतो. आपले पूल आणि आपली घरे या पापुद्र्याच्या आधारावर उभी आहेत.

हा पापुद्रा दोन वाटांनी मोडतो. पहिली वाट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. तो काँक्रीटमध्ये वर्षानुवर्षे आत शिरत जातो आणि त्याची अल्कता मारतो. पीएच नऊच्या आसपास उतरला की पापुद्रा टिकत नाही. दुसरी वाट मिठाची. मिठातले क्लोराइड पापुद्र्याला ठिकठिकाणी छिद्रे पाडते आणि तेथे सळई खोल कुरतडली जाते. खेड गाव समुद्रापासून आत आहे. खारा वारा आपल्याला हर्णै-दाभोळइतका लागत नाही. परंतु न धुतलेली खाडीची वाळू वापरली, तर मीठ पहिल्याच दिवशी घरात येऊन बसते. शिवाय आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने बांधकाम वाळत राहते. गंजाला पाणीही हवे आणि हवाही हवी. भिजणे आणि वाळणे यांच्या या पाळीत त्याला दोन्ही मिळतात.

गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. म्हणून मिलिमीटरचे काही शतांश भाग एवढे लोखंड खपले, तरी आतून पडणाऱ्या दाबाने काँक्रीटला सळईच्या रेषेत चीर जाते आणि पुढे पोपडा पडतो. आपण मात्र पोपडा पडल्यावर जागे होतो, त्यावर सिमेंटचा गिलावा मारतो आणि चुना लावून मोकळे होतो. रोग आत तसाच राहतो.

साध्या परीक्षा आणि त्यांची मर्यादा

पोपडा पडण्याआधी काही कळू शकते काय? कळते. काँक्रीटचा ताजा फोडलेला तुकडा घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा द्राव शिंपडतात. अल्कता शाबूत असेल तेथे गुलाबी रंग येतो. जेथे ती मेली असेल तो भाग जसाच्या तसा राहतो. दुसरी परीक्षा विद्युत्-दाबाची. सळईला एक तार जोडतात आणि काँक्रीटवर ओल्या स्पंजासह ताम्र-गंधकिताचे प्रमाण विद्युदग्र ठेवून दोहोंमधला दाब मोजतात. तो उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता शेकडा नव्वद. उणे ३५० पेक्षा अधिक ऋण असेल तर गंज असण्याची शक्यता शेकडा नव्वद, असा ठोकताळा आहे.

या परीक्षा स्वस्त आणि उपयोगी आहेत, आणि प्रथम त्याच कराव्यात. परंतु ताप आहे की नाही हे कळणे वेगळे आणि रोग किती वेगाने चालला आहे हे कळणे वेगळे. पूल आणखी वीस वर्षे चालेल की दोनच वर्षांत दुरुस्ती हवी, हा वेगाचा प्रश्न आहे. वेग कळावयाचा तर त्या पृष्ठभागातून होणारी विजेची देवघेव मोजली पाहिजे. ती देवघेव तर सळईच्या पोटातल्या पोटात चालते; बाहेर कोणतीच तार नाही की जिच्यात मापक बसवावा. मग करावयाचे काय? पृष्ठभागाला बाहेरून अगदी हलका धक्का द्यावयाचा आणि तो कसे उत्तर देतो ते पाहावयाचे.

कारखान्याच्या फाटकाचे उदाहरण

हे उत्तर समजण्यासाठी पाळी बदलण्याच्या वेळचे कारखान्याचे फाटक डोळ्यांपुढे आणा. फाटकाबाहेर कामगारांची दाटी आहे. फाटक अरुंद आहे आणि हजेरीच्या खिडकीवरून एका वेळी एकच माणूस आत जातो. मागे नाक्यावर गाड्या थांबतात आणि तेथून माणसे चालत येतात. अशा या व्यवस्थेत तीन गोष्टी आहेत. पहिली, फाटकाशी दाटून उभी असलेली गर्दी. दुसरी, फाटकाची अडचण. तिसरी, नाक्यापासून फाटकापर्यंतची वाट.

आता मागून कोणी गर्दीला भराभर पुढे-मागे ढकलू लागला, तर काय होईल? दाटी क्षणभर घट्ट होईल, क्षणभर सैल होईल. पण एकही मनुष्य आत जाणार नाही, कारण फाटकातून शिरण्याइतका वेळच कोणाला मिळत नाही. तेच ढकलणे सावकाश केले, तर दर लोटात काही माणसे आत जातील, आणि किती गेली यावरून फाटक किती अरुंद आहे ते कळेल. आणखीही सावकाश, एकेक लोट कितीतरी वेळ चालेल असे केले, तर फाटकाशी असलेली माणसे संपतील आणि नाक्यावरून नवी माणसे किती लवकर येतात यावर सारे अवलंबून राहील.

सळईच्या पृष्ठभागावर हेच घडते. धातूच्या कडेला आणि पाण्याच्या कडेला परस्परविरुद्ध भार समोरासमोर दाटून उभे असतात. त्यांच्यातील अंतर रेणूंच्या मापाचे असते. या दुहेरी थराची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली. हा थर विजेच्या धारित्रासारखा वागतो. भार साठवतो आणि परत देतो. ही आपली दाटी. धातूतून पाण्यात भार प्रत्यक्ष ओलांडून जाण्यास जो रोध होतो, ते आपले फाटक. पापुद्रा अखंड असेल तर फाटक जवळजवळ बंद. पापुद्रा मोडला की फाटक सताड उघडे. आणि प्राणवायूसारखे पदार्थ काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून झिरपत सळईपर्यंत येतात, ती नाक्याची वाट. या तिन्ही गोष्टी एकाच पृष्ठभागावर एकाच वेळी चालतात. पण धक्क्याचा वेग बदलत नेला, तर प्रत्येक गोष्ट आपापल्या वेगाला उत्तर देते आणि म्हणून त्यांची उत्तरे वेगवेगळी वाचता येतात.

एका तारवाल्याचा शब्द

धक्का असा पुढे-मागे देण्यासाठी उलटसुलट वाहणारा, म्हणजे प्रत्यावर्ती, विद्युत्प्रवाह वापरतात. अशा प्रवाहाला जो एकंदर अडथळा होतो त्याला शास्त्रात ‘संरोध’ म्हणतात. याचा मूळ इंग्रजी शब्द ‘इम्पीडन्स’. तो १८८६ साली ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी रूढ केला. हेव्हिसाइडही आपल्याच पंथाचे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, तारखात्यात यंत्र चालविण्याची नोकरी केली, विश्वविद्यालयाचे तोंड पाहिले नाही. आणि घरी बसून जे गणित स्वतः शिकले, त्याच्या जोरावर १८९१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

संरोध हा साध्या रोधापेक्षा वेगळा आहे, कारण त्यात अडथळा किती याच्या जोडीला उत्तर वेळेवर आले की पुढेमागे आले, हेही पाहावे लागते. हे दाभोळच्या खाडीतील नावाड्याला समजावून सांगावे लागणार नाही. खाडीचे पाणी सर्वांत उंच चढते तेव्हा ओढ नसते; पाणी क्षणभर उभे राहते. आणि सर्वांत जोराची ओढ भरती अर्धी चढली असताना असते. म्हणजे ओढ आधी येते आणि उंची मागून येते. खाडी पाणी साठवते म्हणून असे होते. विजेचे धारित्रही असेच वागते: प्रवाह आधी, दाब मागून, पाव फेऱ्याच्या अंतराने. उलट, साध्या रोधात दाब आणि प्रवाह पावलाला पाऊल लावून चालतात. तेव्हा प्रवाहाचा कोणता भाग दाबाच्या पावलाबरोबर आहे आणि कोणता पाव फेरा पुढे आहे हे वेगळे काढले, की फाटकाचा हिस्सा किती आणि दाटीचा किती, हे वेगळे होते.

प्रत्यक्ष मोजणी

मोजणीला तीन जोडण्या लागतात. एक तार सळईला. त्यासाठी एके ठिकाणी सळई थोडी उघडी करावी लागते. दुसरे प्रमाण विद्युदग्र. तिसरे प्रवाह पोहोचविणारे विद्युदग्र, तेही ओल्या स्पंजासह काँक्रीटवर टेकवलेले. धक्का दहा मिलिव्होल्टच्या आसपास देतात. हातातल्या विजेरीच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट. त्याचा हा दीडशेवा भाग. इतका हलका धक्का देण्याचे कारण असे, की मोठ्या धक्क्याने पापुद्राच बिघडेल. मग आपण सळईची प्रकृती मोजली की आपण केलेली इजा मोजली, हे कळणार नाही. शिवाय दाब आणि प्रवाह यांचे नाते वक्र असते. त्या वक्राचा अगदी लहान तुकडा घेतला तरच तो सरळ मानून हिशेब करता येतो.

प्रथम सेकंदाला हजारो हेलकावे देतात आणि मग क्रमाने कमी करीत नेतात. शेवटी एका हेलकाव्याला काही मिनिटे लागतील इतके. सेकंदाला एक हजारांश हेलकावा म्हणजे एका फेऱ्याला एक हजार सेकंद, जवळजवळ सतरा मिनिटे. म्हणून हे काम घाईचे नाही.

प्रत्येक वेगाचे उत्तर कागदावर एक बिंदू म्हणून मांडतात. पावलाबरोबरचा भाग आडव्या रेषेवर, पाव फेऱ्याने सरकलेला भाग उभ्या रेषेवर. सोप्या प्रकरणात हे बिंदू मिळून अर्धवर्तुळाची एक कमान होते. कमानीचा डावा पाय मूळ बिंदूपासून जेवढा दूर, तेवढा काँक्रीटचा स्वतःचा रोध. कमानीची रुंदी म्हणजे फाटकाचा रोध. आणि कमानीचा माथा कोणत्या वेगाला आला, यावरून दुहेरी थराची साठवण निघते. नाक्याची वाट अडचणीची असेल, तर कमानीच्या उजव्या पायाशी पंचेचाळीस अंशांनी चढत जाणारी एक तिरपी रेषा दिसते. पदार्थ झिरपत येण्यामुळे मिळणारे हे उत्तर एमिल वॉरबुर्ग यांनी १८९९ साली गणिताने मांडले. आणि दाटी, फाटक व वाट ही तिन्ही एका विद्युत्-मंडलात बसवून दाखविण्याचे श्रेय १९४७ साली इंग्लंडमधील रँडल्स यांचे.

आता हिशेब करू. समजा, एका जागी सळईच्या दर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागामागे कमानीची रुंदी २६,००० ओहम आली. १९५७ साली स्टर्न आणि गिअरी यांनी दाखविलेल्या नियमाप्रमाणे एका ठराविक अंकाला या रोधाने भागले की गंजाचा प्रवाह निघतो. गंजत्या सळईसाठी हा अंक २६ मिलिव्होल्ट घेतात. भागाकार येतो १ मायक्रोॲम्पिअर, म्हणजे ॲम्पिअरचा दहा लाखावा भाग. मुंगीच्या पावलाइतकाही नव्हे, असे वाटेल. पण हा प्रवाह वर्षभर, दिवसरात्र, सणावाराची सुटी न घेता वाहतो. फॅरडेंच्या नियमाने हिशेब केला, तर एका वर्षात त्या एक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे ९ मिलिग्रॅम लोखंड जाते आणि पृष्ठभाग ११.६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शतांशाहून थोडा अधिक, खाली जातो. मघाशी मी म्हटले, की काही शतांश खपले तरी चीर जाते. तेव्हा ही सळई काही थोड्या वर्षांची सोबती आहे.

दुसऱ्या जागी रुंदी ५,२०,००० ओहम आली. निरोगी सळईसाठी भाज्य अंक ५२ घेतात. प्रवाह निघतो ०.१ मायक्रोॲम्पिअर, वर्षाला १.१६ मायक्रॉन. या जागेची चिंता आज नको. दोन्ही ठिकाणी दुहेरी थराची साठवण दर चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोफॅरड धरली, तर पहिल्या कमानीचा माथा सव्वातीन सेकंदांच्या हेलकाव्याला येतो आणि दुसऱ्याचा पासष्ट सेकंदांच्या हेलकाव्याला. रोगट सळई चटकन उत्तर देते, निरोगी सळई सावकाश. म्हणून ज्याला घाई आहे त्याने ही परीक्षा करू नये. त्याच्या पदरी अर्धवट कमान पडेल.

वरून दोन्ही जागांचे काँक्रीट सारखेच दिसते, हे लक्षात घ्या. दोन्हींवर एकच रंग आहे. फरक फक्त त्या कमानींत आहे.

काँक्रीटमधल्या सळईवर ही रीत लावून पाहण्याचे महत्त्वाचे काम १९८१ साली जॉन, सीअरसन आणि डॉसन या इंग्लंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. आपल्या देशात या शास्त्राचे मोठे घर म्हणजे तामिळनाडूतील कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत्-रासायनिक संशोधन संस्था. तिची कोनशिला २५ जुलै १९४८ रोजी पंडित नेहरूंनी बसविली आणि १४ जानेवारी १९५३ रोजी डॉ. राधाकृष्णन यांनी तिचे उद्घाटन केले. समुद्रकाठच्या गंजाचा अभ्यास करण्यासाठी या संस्थेने मंडपम येथे केंद्र चालविले.

टाक्यांवरचा रंग

लोट्याच्या वसाहतीत काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द अधिक. टाकीवर किंवा नळीवर रंगाचे किंवा राळेचे आवरण असते. ते चांगले असेल तेव्हा वीज त्यातून जवळजवळ जातच नाही. १९४८ साली बेकन, स्मिथ आणि रग या तिघांनी सुमारे तीनशे आवरणे समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिली. चौरस सेंटिमीटरला दहा कोटी ओहमच्या वर रोध टिकविणारी आवरणे धातू राखतात आणि दहा लाखांच्या खाली उतरलेली राखत नाहीत, असे त्यांना आढळले. त्यांनी एकाच दिशेचा प्रवाह वापरला होता. आज उलटसुलट प्रवाहाने तीच गोष्ट अधिक बारकाईने पाहता येते. रंगात पाणी शिरू लागले की त्याची साठवण वाढते आणि रोध उतरतो, आणि हे फोड दिसण्याच्या पुष्कळ आधी कळते.

एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, आम्लाच्या नळीवर दरवर्षी नवा पिवळा रंग चढत असे आणि पाहुण्यांना तो दाखविला जात असे. नळीची जाडी किती उरली याची नोंद कामगारांनी मागितली, तेव्हा ती कार्यालयीन बाब आहे असे उत्तर आले. नळीखाली उभे राहणे मात्र कामगारांची बाब होती. पुढे भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे मालकांवर बंधनकारक करण्यात आले. माहिती देणे म्हणजे मोजणीचे आकडे देणे, असा त्याचा अर्थ आपण घेतला पाहिजे.

ही विद्या कोठे थांबते

कोणत्याही साधनाची स्तुती करताना त्याचे दोषही सांगावेत. पहिली अडचण अशी, की सळया जाळीसारख्या एकमेकींना बांधलेल्या असतात. वरून दिलेला प्रवाह नेमका किती पृष्ठभागावर पसरला हे ठरविणे कठीण जाते आणि तो आकडा चुकला की सारा भागाकार चुकतो. त्यावर उपाय म्हणून प्रवाहाला वेढून ठेवणारे दुसरे कडे लावतात. तरी अडचण पुरती संपत नाही. दुसरी अशी, की मिठाने पडलेले खोल छिद्र एका बिंदूत असते आणि मोजणी साऱ्या जागेची सरासरी देते. सरासरीने कोणाचे पोट भरत नाही, हे कामगारांना सांगावयास नको. तिसरी अशी, की मोजणी चालू असताना काँक्रीट भिजले किंवा वाळले तर उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. चौथी अशी, की एकाच कमानीला दोन वेगळी विद्युत्-मंडले बसू शकतात. म्हणून वाचणारा माणूस जाणता लागतो.

आणि सर्वांत मोठी अडचण मांडवीच्या जातीच्या पुलांची. ताणलेल्या तारा जर धातूच्या नळीत असतील, तर वरून टेकवलेल्या उपकरणाची वीज त्या नळीपाशीच अडते. आतल्या तारांचे दुखणे तिला कळत नाही. यावरची शहाणी तोड बांधतानाच करावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये तारा प्लॅस्टिकच्या नळीत ठेवून त्या बाहेरच्या सळयांपासून विजेच्या दृष्टीने अलग राखण्याची रीत आहे. तो अलगपणा टिकला आहे की नाही, हे उलटसुलट प्रवाहानेच वेळोवेळी तपासता येते. सुइणीला पोर जन्मल्यावर बोलावून उपयोग नसतो. परीक्षेची सोय आराखड्यातच हवी.

परीक्षा कितीही चांगली झाली तरी तिने काँक्रीट सुधारत नाही. सळईवर पुरेसे आवरण असणे, हाच पहिला इलाज. भारतीय मानक ४५६ च्या सन २००० च्या आवृत्तीने सौम्य परिस्थितीत २० मिलिमीटर, समुद्रकाठच्या कडक परिस्थितीत ४५, खाऱ्या तुषारांत ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. गवंड्याने सळईखाली एक खडी सरकवून काम भागविले, तर पुढे कोणत्याही यंत्राने ते भरून निघत नाही.

आपण काय मागावे

कोणी म्हणेल, हे सारे अभियंत्यांचे काम. आपण नागरिकांनी यात काय करावयाचे? माझे उत्तर असे आहे. एकदा केलेल्या मोजणीला फारसा अर्थ नसतो. तीच जागा, तीच रीत, आणि वर्षामागून वर्ष लिहिलेला आकडा, यांत अर्थ असतो. कमान यंदा केवढी आणि गेल्या साली केवढी होती, हे शेजारी शेजारी ठेवले की धोका स्वतःच बोलू लागतो. अशी वही प्रत्येक मोठ्या पुलाची, प्रत्येक सार्वजनिक टाकीची आणि धोक्याच्या प्रत्येक पात्राची असावी. सार्वजनिक बांधकामांची वही मागण्यास २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आपल्या हाती आहे. मागताना ‘पूल सुरक्षित आहे काय?’ असे विचारू नका. त्याला ‘आहे’ एवढेच उत्तर मिळेल. काँक्रीटची अल्कता कोठवर मेली आहे, सळईचा दाब किती आला, गंजाचा प्रवाह किती निघाला, मोजणी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या जागी केली, असे विचारा. ज्याला आकडा विचारला जातो त्याला मोजावे लागते.

फॅरडे आणि हेव्हिसाइड यांची नावे मी आज घेतली, ती त्यांच्या गरिबीचे कौतुक करण्यासाठी नव्हे. विद्युदग्र आणि संरोध हे दोन्ही शब्द श्रमाची भाकरी खाल्लेल्या माणसांनी प्रचारात आणले, एवढेच मला सुचवावयाचे होते. ते शब्द आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. घरी गेल्यावर आपल्या स्लॅबकडे एकदा वर पाहा. सळईच्या रेषेत चीर दिसली, तर गिलाव्याची थापी उचलण्यापूर्वी जाणत्या माणसाला बोलवा आणि आत काय चालले आहे ते आधी विचारून घ्या.